चावट विनोदाची भाषा : बेट मिडलर यांच्या लास वेगासमधील रंगप्रयोगाचा अभ्यास

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
• चावट, ग्राम्य आणि अश्लील या संज्ञांमधील भेद सांगता येईल.
• विनोदातील वक्ता, लक्ष्य आणि श्रोता यांचे परस्परसंबंध तपासता येतील.
• द्व्यर्थी वाक्यात वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ कसे कार्य करतात हे स्पष्ट करता येईल.
• हीच पद्धत लावणी व बतावणी यांच्या अभ्यासाला लावता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, श्लेष आणि वक्रोक्ती यांचा परिचय आपणांस साहित्यशास्त्राच्या अभ्यासातून झालेला आहे. ही भाषिक साधने रंगमंचावर, विशेषतः चावट विनोदाच्या क्षेत्रात, कशी वापरली जातात हे या घटकात पाहावयाचे आहे. त्यासाठी उदाहरण मुद्दाम मराठीबाहेरचे घेतले आहे. लावणी किंवा तमाशा यांविषयी बोलताना आपला संकोच, आपला अभिमान आणि आपल्या घरातील संस्कार मध्ये येतात. दूरच्या उदाहरणात हे अडथळे कमी असतात आणि भाषेची घडण स्वच्छ दिसते.

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लास वेगास हे शहर कॅसिनोंसाठी, म्हणजे अधिकृत जुगारगृहांसाठी, प्रसिद्ध आहे. तेथील 'सीझर्स पॅलेस' या कॅसिनोच्या 'कोलोसियम' नाट्यगृहात २० फेब्रुवारी २००८ ते ३१ जानेवारी २०१० या काळात गायिका-अभिनेत्री बेट मिडलर यांचा 'द शोगर्ल मस्ट गो ऑन' हा रंगप्रयोग चालला. पहिल्या प्रयोगाच्या वेळी त्या ६२ वर्षांच्या होत्या. पिसांचे पोशाख, नर्तिकांचा ताफा, वाद्यवृंद आणि अवाढव्य पडदा अशा थाटाच्या मध्यभागी उभ्या राहून त्या स्वतःचे वय, स्वतःचे शरीर आणि पुरुषांचे पोकळ दावे यांवर चावट विनोद करीत असत. या बोलण्यास अश्लील म्हणावे काय, हा प्रश्न साहजिक आहे. त्याआधीचा प्रश्न असा, की हे ठरवावयाचे कसे? केवळ उच्चारलेल्या शब्दांवरून, की बोलणारी व्यक्ती, तिचे स्थान आणि तिच्या विनोदाचे लक्ष्य यांवरूनही? या घटकाचे विवेचन या प्रश्नाभोवती आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ संज्ञांचा विचार

मराठीत या प्रकारच्या बोलण्यासाठी अनेक शब्द आहेत : चावट, चहाटळ, वात्रट, आचरट, पांचट, अचकटविचकट, हिरवट, ग्राम्य, अश्लील. हे समानार्थी शब्द नाहीत. 'चावट' या शब्दात लडिवाळपणाला जागा आहे; दीर लहान असेल तर वहिनी त्याला हसत हसत 'चावट कुठला' म्हणू शकते. 'पांचट' हा शब्द विनोद फसल्याचा निर्वाळा देतो. 'अश्लील' हा शब्द मात्र हसण्याची शक्यताच मोडून काढतो आणि बोलणाऱ्यास आरोपीच्या जागी उभे करतो.

'हिरवट' या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. तो वयाशी जोडलेला आहे. 'हिरवट म्हातारा' हा प्रयोग आपल्या कानांना ओळखीचा आहे. त्यात निंदा असते, पण थोडी मुभाही असते. वृद्ध स्त्रीसाठी असा रुळलेला शब्दप्रयोग सहसा ऐकू येत नाही. ज्येष्ठ स्त्रीने शृंगाराविषयी हसत बोलावे ही शक्यताच भाषेने गृहीत धरलेली नाही. शब्दकोशातील अशी रिकामी जागा समाजाच्या अपेक्षांविषयी बरेच काही सांगते. मिडलर यांचा विनोद नेमका या रिकाम्या जागेत उभा राहतो.

संस्कृत साहित्यशास्त्रात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अश्लीलत्व हा दोष मानला आणि त्याचे तीन प्रकार सांगितले : लज्जा सूचित करणारे, किळस सूचित करणारे आणि अमंगल सूचित करणारे. मात्र त्याच ग्रंथात वक्ता, प्रसंग इत्यादींच्या औचित्यामुळे दोषही क्वचित गुण ठरतो, असेही प्रतिपादन आहे. म्हणजेच कोण बोलत आहे आणि कोठे बोलत आहे हे बाजूला ठेवून शब्दाचा निवाडा करता येत नाही, ही जाणीव आपल्या परंपरेत जुनी आहे.

५.२.२ कलावंत आणि तिची पूर्वपरंपरा

बेट मिडलर यांचा जन्म १ डिसेंबर १९४५ रोजी हवाई बेटांवरील होनोलुलू येथे एका ज्यू कुटुंबात झाला. चित्रपट-अभिनेत्री बेटी डेव्हिस यांच्यावरून आईने मुलीचे नाव ठेवले. दोन्ही नावांचे इंग्रजी लेखन एकच असले, तरी मिडलर यांच्या नावाचा उच्चार 'बेट' असा होतो.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरील संगीत नाटकांत काम केल्यानंतर १९७० च्या सुमारास त्या 'कॉन्टिनेन्टल बाथ्स' या स्नानगृहात गाऊ लागल्या. समलिंगी पुरुष तेथे एकत्र येत. त्या वेळी न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात समलिंगी संबंध गुन्हा होता. ती स्थिती न्यायालयाच्या निर्णयाने १९८० मध्ये बदलली. ज्यांच्या खाजगी आयुष्यावर कायद्याची टांगती तलवार आहे अशा श्रोत्यांसमोर चावट बोलणे ही केवळ करमणूक नव्हती. ज्या गोष्टीची लाज बाळगावी असे बाहेरचे जग सांगत होते, तिच्याकडे पाहून सर्वांनी मिळून हसण्याची ती जागा होती. 'द डिव्हाइन मिस एम' हे मिडलर यांचे रंगमंचीय रूप येथे घडले. १९७२ मधील त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नावही हेच आहे. त्या ध्वनिमुद्रिकेत वृद्धांच्या एकाकीपणावरचे 'हेलो इन देअर' हे गाणेही आहे. चावटपणा आणि करुणा यांची शेजारशेजार मांडणी हे त्यांच्या कलेचे वैशिष्ट्य आरंभापासूनचे आहे.

मिडलर यांच्यामागे एक परंपरा होती. माए वेस्ट यांनी १९२६ मध्ये स्वतः लिहिलेले आणि स्वतः भूमिका केलेले 'सेक्स' हे नाटक ब्रॉडवेवर आणले. १९२७ मध्ये पोलिसांनी कारवाई केली आणि वेस्ट यांना दहा दिवसांच्या कारावासाची शिक्षा झाली. दुसऱ्या कलावंत सोफी टकर. रशियन साम्राज्यात जन्मलेल्या आणि बालपणीच अमेरिकेत आलेल्या या गायिकेने आपले स्थूल शरीर आणि वाढते वय हाच विनोदाचा विषय केला. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे मिडलर आपल्या प्रयोगांत 'सोफ' या नावाने बोलू लागल्या आणि सोफी टकर यांच्या तोंडी घातलेले विनोद हा त्यांच्या कार्यक्रमाचा ठरलेला भाग बनला.

५.२.३ रंगमंच : लास वेगास आणि मूक 'शोगर्ल'

नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगाराला कायदेशीर मान्यता दिली. कॅसिनोंची संख्या वाढली तशी ग्राहक खेचण्यासाठी भव्य रंगप्रयोगांची स्पर्धा सुरू झाली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या धर्तीवरील नृत्यप्रयोग तेथे आले : 'स्टारडस्ट' मध्ये १९५८ साली 'लिडो द पारी' आणि 'ट्रॉपिकाना' मध्ये १९५९ साली 'फोली बर्जेर'. यांतून 'शोगर्ल' ही प्रतिमा रूढ झाली : उंच, तरुण, डोक्यावर पिसांचा जड मुकुट, अंगावर चमकते खडे, मंद पावले आणि ठरलेले स्मित. काही प्रयोगांत ती अर्धनग्नही असे.

या प्रतिमेचा भाषिक विशेष असा, की शोगर्ल बोलत नाही. ती पाहण्यासाठी आहे, ऐकण्यासाठी नाही. १९२७ साली बोलणाऱ्या माए वेस्ट तुरुंगात गेल्या आणि तीस वर्षांनी मूक उभी राहणारी अर्धनग्न नर्तिका पर्यटकांचे आकर्षण ठरली. काळ आणि राज्य वेगवेगळे असल्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे; तरीही तिच्यातून एक प्रश्न निश्चित निघतो. समाजाला स्त्रीचे उघडे शरीर अधिक अडचणीचे वाटते, की त्या शरीराविषयी तिने स्वतः बोलणे?

'कोलोसियम' नाट्यगृह २००३ मध्ये गायिका सेलिन डियॉन यांच्या प्रयोगासाठी उघडले. त्याच्या उभारणीस सुमारे साडेनऊ कोटी डॉलर खर्च आला आणि त्यात चार हजारांहून अधिक आसने आहेत. डियॉन यांचा प्रयोग डिसेंबर २००७ मध्ये संपला आणि दोन महिन्यांनी मिडलर तेथे आल्या. त्यांचा प्रयोग चालू असतानाच, मार्च २००९ मध्ये, ट्रॉपिकानातील 'फोली बर्जेर' जवळपास ५० वर्षांनंतर बंद झाला. मूक शोगर्लचे एक युग संपत असताना त्याच शहरात साठी ओलांडलेली एक स्त्री 'शोगर्ल' हे नाव घेऊन अखंड बोलत होती.

५.२.४ नावांची भाषा

'द शो मस्ट गो ऑन' ही इंग्रजी रंगभूमीवरील रूढ उक्ती आहे. काहीही घडो, खेळ थांबता कामा नये, असा तिचा भाव. मिडलर यांनी 'शो' च्या जागी 'शोगर्ल' हा शब्द ठेवला. एवढ्याने वाक्याचा कर्ता बदलतो : चालू राहावयाचा आहे तो खेळ नव्हे, तर खेळ करणारी स्त्री. 'गो ऑन' या क्रियापदाचे तीन अर्थ येथे एकदम जागे होतात : चालू राहणे, रंगमंचावर प्रवेश करणे आणि न थांबता बोलत राहणे. वय झालेल्या कलावंताची चिकाटी, तिचा रोजचा प्रवेश आणि तिची बडबड हे तीनही एका क्रियापदात सामावले आहेत.

त्यांच्या साथीदार गायिकांच्या संचाचे नाव 'हार्लेट्स' असे आहे. इंग्रजीतील 'हार्लट' म्हणजे वेश्या. त्याला 'एट' हा लघुत्ववाचक आणि स्त्रीवाचक प्रत्यय जोडला आहे. नृत्यगायन करणाऱ्या तरुणींच्या संचांना असा प्रत्यय देण्याची अमेरिकेत रीत होती. प्रत्यय गोंडस आणि मूळ शब्द शिवी, अशा जोडणीतून उपहास निर्माण होतो. रंगमंचावर गाणाऱ्या स्त्रीविषयी समाज मनात जो शब्द वापरतो, तो शब्द या स्त्रिया स्वतःच पाटीवर लिहितात. लास वेगासमधील नर्तिकांच्या ताफ्याला 'सीझर सॅलड गर्ल्स' असे नाव होते. कॅसिनोचे नाव आणि एका कोशिंबिरीचे नाव यांवरील हा श्लेष आहे. ताटाच्या कडेला शोभेसाठी मांडलेली कोशिंबीर, तशा रंगमंचाच्या कडेला मांडलेल्या नर्तिका, अशी मूक शोगर्लच्या प्रथेची थट्टा त्यात वाचता येते.

५.२.५ विनोदाची घडण

सिग्मंड फ्रॉइड यांनी विनोदावरील १९०५ मधील ग्रंथात चावट विनोदाचे तीन घटक सांगितले आहेत : बोलणारा पुरुष, विनोदाचे लक्ष्य असलेली स्त्री आणि हसणारा तिसरा श्रोता. या रचनेत स्त्री ही विषय असते, वक्ता नसते. मिडलर यांच्या सोफी-विनोदांत या जागांची अदलाबदल होते. सोफ ही प्रथमपुरुषी निवेदन करते. एर्नी हा तिचा वयस्क प्रियकर लक्ष्य बनतो. श्रोता ज्याच्या बाजूने हसत आला होता, त्याच्यावर हसू लागतो.

या विनोदांतील एक रचना पुन्हा पुन्हा आढळते. एर्नी सोफच्या शरीरात काही उणे काढतो किंवा स्वतःची बढाई मारतो. सोफ एका लहान वाक्यात उत्तर देते आणि प्रसंग संपतो. एका प्रसिद्ध विनोदात तिचे उत्तर म्हणजे इंग्रजीतील एक रोजचा वाक्प्रचार आहे. त्याचा रूढ अर्थ 'माझ्या मागे लागू नकोस' असा आणि शब्दशः अर्थ 'माझ्या पाठीवरून उतर' असा. प्रसंग शय्येवरचा असल्यामुळे ऐकणारा प्रथम रूढ अर्थ घेतो आणि क्षणभराने शब्दशः अर्थ त्याच्यासमोर चित्रासारखा उभा राहतो. साहित्यशास्त्राच्या भाषेत, रूढ लक्षणेने झाकलेली अभिधा अचानक उघडी होते. सामान्यतः द्व्यर्थी बोलण्यात वाच्यार्थ निर्दोष असतो आणि चावटपणा व्यंजनेत असतो. येथे क्रम उलटा आहे. सवयीचा अर्थ निर्दोष असून खुद्द शब्द चावट निघतात.

दुसरी गोष्ट वयाची. सोफचा विनोद तरुण स्त्रीच्या तोंडी घातला, तर ऐकणारा त्यात आमंत्रण शोधील. साठीतली स्त्री तो सांगते तेव्हा आमंत्रणाचा अर्थ मागे पडतो आणि अनुभवाचा अधिकार पुढे येतो. वय ही विनोदातील उणीव नसून त्याचे बळ होते. भरतमुनींनी हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे भेद केले आहेत : स्वतः हसणे आणि दुसऱ्यास हसविणे. स्वतःच्या सुरकुत्यांवर प्रथम स्वतः हसणारी व्यक्ती श्रोत्यांच्या हातून टीकेचे शस्त्र काढून घेते आणि मग त्यांना हसविते.

५.२.६ मर्यादा

या विवेचनावरून चावट विनोद नेहमीच मुक्त करणारा असतो असा निष्कर्ष काढू नये. मिडलर यांचे एक जुने पात्र आहे : डेलोरेस डेलागो ही जलपरी. शेपटीमुळे तिला चालता येत नाही म्हणून ती विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत बसून नाचते. हसू शोगर्लच्या नखऱ्यावर आहे, असे समर्थन करता येते; अपंगत्वाचे साधन हशासाठी वापरले आहे, असा आक्षेपही घेता येतो. दोन्ही बाजूंना आधार आहे. लक्ष्य कोण, हा प्रश्न प्रत्येक विनोदाला स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

दुसरी मर्यादा स्थळाची. कायद्याने दडपलेल्या श्रोत्यांसमोर जे बोलणे धाडसाचे होते, तेच कॅसिनोत महागड्या तिकिटाची अपेक्षित करमणूक होते. शब्द तेच राहिले तरी त्यांची धार स्थळ आणि श्रोता यांनुसार बदलते. प्रयोगाची भव्यता वाढते तेव्हा त्यातील जोखीम कमी झाली आहे काय, हे अभ्यासकाने पाहिले पाहिजे.

५.२.७ मराठी लोकरंगभूमीकडे पाहताना

आता हीच तीन स्थाने मराठी उदाहरणांत तपासू. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम या शाहिरांच्या शृंगारिक लावण्यांत बोलणारी 'मी' अनेकदा स्त्री असते, परंतु रचणारा पुरुष असतो. म्हणून तेथे वक्ता दुहेरी आहे. पाठ्यपुस्तकात छापलेली लावणी वाचताना आपल्यासमोर केवळ शाहिराचे शब्द असतात. तीच लावणी बैठकीत सादर होताना गायिका एका ओळीचा अर्थ अदाकारीने कितीतरी प्रकारे फिरवू शकते. शब्द पुरुषाचे असले, तरी त्यांतील कोणता अर्थ उजळावा आणि कोणावर हसावे हे त्या क्षणी ती ठरविते. यमुनाबाई वाईकर यांच्यासारख्या कलावंतांनी उतारवयापर्यंत ही बैठकीची कला जपली, हे या संदर्भात लक्षात घ्यावे. लावणीतही वय हा अदाकारीचा अडसर नाही.

तमाशातील गौळण आणि बतावणी यांत वक्त्याच्या जागा वेगळ्या आहेत. गौळणीतील मावशी ही वयस्क, चावट बोलणारी स्त्री असते, पण परंपरेने ती भूमिका पुरुष नट करतो. आपल्या रंगभूमीनेही चावट बोलणाऱ्या प्रौढ स्त्रीची जागा निर्माण केली, मात्र त्या जागेवर पुरुषाला उभे केले. बतावणीतील सोंगाड्या बहुधा भोळेपणाचा आव आणतो. 'मी साधेच बोललो, वाईट अर्थ तुमच्या मनात आला', ही त्याची ढाल असते. सोफ अशी कोणतीही ढाल घेत नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर प्रयोगांना परवानगी मिळू लागली. परंतु कागदावरील संहितेत शब्द असतात. स्वर, विराम, नजर आणि वक्त्याचे स्थान नसते. चावट विनोदाचा मोठा भाग नेमका या न लिहिलेल्या गोष्टींत असतो. संहिता तपासून अश्लीलता दूर करण्याचा प्रयत्न म्हणूनच भाषाशास्त्रीय दृष्ट्या अपुरा होता. त्याचा भार मात्र ज्यांचे पोट या कलेवर होते अशा कलावंतांना वाहावा लागला.

५.३ सारांश

चावट विनोदाचे मूल्य केवळ शब्दांवरून ठरत नाही. वक्ता कोण, लक्ष्य कोण, श्रोता कोण आणि स्थळ कोणते, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर ते अवलंबून असते. लास वेगासच्या रंगमंचावर शोगर्ल ही दीर्घकाळ मूक प्रतिमा होती. बेट मिडलर यांनी साठीनंतर त्या प्रतिमेला वाणी दिली आणि हसण्याची दिशा स्त्रीदेहाकडून पुरुषी बढाईकडे वळविली. त्यांच्या विनोदात वाक्प्रचाराचा रूढ अर्थ मोडून वाच्यार्थ पुढे येतो. मात्र स्थळ बदलले की त्याच विनोदाची धार बदलते आणि काही वेळा दुर्बल घटकही लक्ष्य होऊ शकतो. लावणी व बतावणी यांचा अभ्यास करताना हेच प्रश्न विचारल्यास 'अश्लील' किंवा 'सभ्य' असा घाईचा शिक्का टळतो.

५.४ पारिभाषिक शब्द

लक्ष्य : विनोदात ज्याच्यावर हसले जाते ती व्यक्ती अथवा कल्पना.
रूढ लक्षणा : वापराने पक्का झालेला, शब्दशः अर्थाहून वेगळा अर्थ देणारी शब्दशक्ती.
शोगर्ल : भव्य रंगप्रयोगात शोभेसाठी उभी राहणारी, झगमगीत पोशाखातील नर्तिका.
अदाकारी : गाताना हावभाव, नजर आणि हस्तमुद्रा यांनी अर्थ फुलविण्याची कला.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. 'चावट' आणि 'अश्लील' या शब्दांतील भेद दोन वाक्यांत लिहा.
२. 'द शोगर्ल मस्ट गो ऑन' या शीर्षकातील क्रियापदाचे तीन अर्थ कोणते?
३. फ्रॉइड यांनी सांगितलेल्या तीन घटकांची अदलाबदल सोफी-विनोदांत कशी होते?
४. गौळणीतील मावशी आणि मिडलर यांची सोफ यांत वक्त्याच्या दृष्टीने कोणता फरक आहे?

५.६ स्वाध्याय

आपल्या परिसरातील लग्नात विहिणींना उद्देशून म्हटली जाणारी थट्टेची गाणी, शिमग्यातील बोलणी किंवा बायकांनी केवळ बायकांत सांगितलेले विनोद यांपैकी एका प्रकाराची माहिती मिळवा. सांगणाऱ्या व्यक्तीची परवानगी घ्या आणि तिचे नाव लिहू नका. वक्ता, लक्ष्य, श्रोता आणि स्थळ या चार मुद्द्यांच्या आधारे सुमारे ३०० शब्दांत टिपण तयार करा. हेच बोलणे दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी उच्चारले असते तर त्याचा अर्थ कसा बदलला असता, हे शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट करा. टिपण पुढील संपर्कसत्रात चर्चेसाठी आणावे. सांगताना संकोच वाटला, तर तो नेमक्या कोणत्या शब्दापाशी वाटला याचीही नोंद करावी. तीही भाषेच्या अभ्यासाचीच सामग्री आहे.